पुठ्ठ्यावरच्या पाच ओळी

मी खोलीत शिरले तेव्हा इंगवले साहेब मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून उभे होते. शेजारी कॉम्प्युटर चालू होता आणि मॉनिटरच्या डोक्यावर एक कोरं मांजरपाटाचं कापड घडी करून ठेवलेलं होतं.

"या खाडिलकर मॅडम," ते म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलोय. तुमचं पत्र झालं की तीन वाजता हे यंत्र बंद करायचं, ह्या कापडात गुंडाळायचं आणि सील ठोकायचं. पुरावा आहे."

"कसला पुरावा?"

"हिंदुराव खोतनं केलेल्या उद्योगाचा."

लाखेचा एक थेंब त्यांच्या बुटावर पडला. त्यांना तो दिसला नाही. मला दिसला.

ह्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत कामाला लागून मला सहा महिने झाले होते. आमच्या कंपनीनं एका दूध संघाच्या शीतकरण केंद्रात कॉम्प्युटर बसवून दिला होता. दुधाच्या तीन मोठ्या टाक्या. प्रत्येक टाकीचं तापमान हा कॉम्प्युटर दर मिनिटाला त्या टाकीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून नोंदवायचा. दर महिन्याची एक फाइल. त्याआधी हे काम ऑपरेटर लोक वहीत करत असत आणि दर तासाच्या नोंदीपुढे सही करत असत. एक एप्रिलपासून वही बंद झाली. वही बंद झाल्याचा सगळ्यात जास्त आनंद इंगवले साहेबांना झाला होता, कारण ते केंद्राचे व्यवस्थापक होते आणि कॉम्प्युटरला नारळ त्यांनीच फोडला होता.

"झालं काय नेमकं?" मी विचारलं.

"मंगळवारी दुपारी दोनला दोन नंबरच्या टाकीचं दूध टँकरमध्ये भरून मुख्य डेअरीला गेलं. तिथं उघडलं तर फाटलेलं. अख्खा टँकर ओतून दिला. सकाळपाळी खोतची होती, खोलीत हा एकटा. आता तुम्हीच बघा, त्या फाइलमध्ये मंगळवारी अकरा एक्केचाळीसनंतर काय आहे."

मी खुर्चीवर बसले. less लिहिलं, पुढे दोन नंबरच्या टाकीच्या एप्रिलच्या फाइलचं नाव लिहिलं, Enter दाबलं. मग शिफ्ट धरून G. पडदा झर्रकन शेवटच्या ओळीवर गेला. बावीस एप्रिल, अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटं, टाकी दोन, ४.० अंश. त्याखाली काहीच नव्हतं. आज चोवीस तारीख, गुरुवार. दोन दिवसांच्या तीन हजार ओळी गायब.

q दाबून मी बाहेर आले आणि फाइल शेवटची कधी बदलली ते पाहिलं. बावीस एप्रिल, अकरा बेचाळीस.

"अकरा बेचाळीसला कुणीतरी हातानं फाइल बदलली," इंगवले साहेब माझ्या खांद्यावरून म्हणाले. आमच्या कंपनीनं दिलेल्या माहितीपुस्तिकेतून ते एवढं शिकले होते, आणि दुर्दैवानं बरोबर शिकले होते. "कंप्रेसर बंद पडला, दूध तापायला लागलं, ह्याच्या लक्षात उशिरा आलं. मग पुढची नोंद ह्यानं कापून टाकली. तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं की फाइल हातानं बदललेली आहे. तीनला संचालक येतायत. त्यांच्यासमोर बडतर्फीचा कागद देऊन टाकू."

"बडतर्फी?"

"मग काय सत्कार करू? एकतीस वर्षं नोकरी झालीय त्याची. आठ महिने राहिलेत. त्याच्या स्वतःच्या गावचं दूध होतं त्या टाकीत, बाईमाणसांनी पहाटे उठून काढलेलं. त्यांना काय सांगू, आपल्याच माणसानं नासवलं आणि वर वही फाडली?"

बाहेरच्या खोलीत टाइपरायटर चालू झाला. इंगवले साहेब मजकूर सांगायला तिकडे गेले.

मी भिंतीकडे पाहिलं. मॉनिटरच्या वर, बरोबर डोळ्यांच्या रेषेत, सोमवारी मी चिकटपट्टीनं एक पुठ्ठा लावला होता. पुठ्ठा नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे चार कोपऱ्यांत राहिले होते, आणि मधला रंग थोडा निघाला होता.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या पुठ्ठ्यावर माझं अक्षर होतं.

*

सोमवारचं सांगायला हवं.

टाक्यांचं तापमान आलेख काढून दाखवणारा आमचा प्रोग्रॅम सोमवारी बंद पडला होता, म्हणून मला बोलावलं होतं. तो माझ्याच्यानं दुरुस्त होईना. त्याला लागणारी सीडी पुण्याहून यायची होती. तोवर ऑपरेटरनं निदान मूळ फाइल उघडून आकडे बघावेत असं ठरलं. तीन ऑपरेटरांपैकी कॉम्प्युटरला हात लावायला तयार असलेला माणूस एकच होता, खोत मामा. सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणायचं. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिश्या, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं. वही बंद झाली तरी पेनं बंद झाली नव्हती.

तेव्हा सव्वातीन वाजले होते. चारची एसटी होती. त्यानंतरची साडेसहाला. कोल्हापुरात जाऊन मला काही करायचं होतं असं नाही. खोलीवर जायचं, डबा खायचा, झोपायचं. पण चारची गाडी आहे म्हटलं की ती गाठायची, एवढंच मला त्या वयात कळत होतं.

मी त्यांना vi शिकवलं. हा लिहायचा प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल दिसते आणि बदलताही येते. नुसतं बघण्यासाठी less नावाची वेगळी आज्ञा आहे. त्यात वाटेल ती बटणं दाबा, फाइलचा केसही वाकडा होत नाही, आणि q दाबलं की आलो तसे बाहेर. पण मी स्वतः दिवसभर vi मध्ये बसलेली असायची. बोटं तिकडेच गेली. सरावासाठी आम्ही मार्चची जुनी चाचणीची फाइल उघडली.

"मॅडम, नुसतं बघायचं आसंल तरी ह्येच व्हय?" खोत मामांनी विचारलं.

"हेच," मी घड्याळ बघत म्हटलं.

त्यांनी वर-खाली करताना कुठलंतरी बटण दाबलं आणि आकड्यांच्या मधोमध kkkk अशी अक्षरं उमटली. ते दचकले. हात वर करून बसले, गरम भांड्याला लागल्यासारखे.

"आता ह्यातनं बाहीर कसं पडायचं?"

"हे बघा. डावीकडचं Esc दाबा. मग :wq. मग Enter. काहीही झालं, कुठेही अडकलात, तरी एवढं केलं की सुटलात."

"डबल्यू म्हंजे?"

"म्हणजे लिहून ठेव."

"आनि क्यू?"

"म्हणजे जा."

"लिव्हून जा," ते समाधानानं म्हणाले. "सही केल्यागत."

मी हो म्हटलं. मग बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर स्केचपेननं पाच ओळी लिहिल्या. एक, vi आणि फाइलचं नाव. दोन, शेवटची ओळ बघायला शिफ्ट धरून G. तीन, मागच्या पानासाठी Ctrl धरून B, पुढच्यासाठी F. चार, बाहेर पडायला Esc आणि :wq. पाच, मध्ये काही विचारलं तर y.

ही पाचवी ओळ मी दारातून परत येऊन लिहिली होती.

*

खोत मामा बाहेर, दुधाचे कॅन धुवायच्या हौदाशेजारी बाकावर बसले होते. मांडीवर जेवणाची पिशवी. कामावर घेतलं नव्हतं तरी ते डबा घेऊन आले होते.

"मामा, मंगळवारी तुम्ही एप्रिलची फाइल उघडली होती?"

"व्हय."

"काही पुसलंत?"

"न्हाई."

"मग बंद कशी केलीत?"

"जशी करायची तशी."

"त्यानं मध्ये काही विचारलं होतं का?"

"इंग्रजीत कायतरी लांबलचक आलं हुतं. म्या वाय दाबलं."

"आणि कंप्रेसर?"

"कंप्रेसरला काय धाड भरलीय? दोनला टँकर भरला तवा म्या सोता टाकीवरच्या काट्यावर बघटलं. चार. ह्या डोळ्यानं बघटलं. पर डोळ्याचं कोन लिव्हून घेतंय?"

"इंगवले साहेबांनी काय काय विचारलं तुम्हाला?"

"इचारलं बरंच," ते म्हणाले. हौदात कॅन बुडवणाऱ्या बाईकडे थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तुमास्नी ह्या कंपनीत किती दिस झालं?"

"सहा महिने."

"पक्कं केलंय का?"

"नाही अजून. जूनमध्ये करतील."

"हां," खोत मामा म्हणाले आणि त्यांनी पिशवीचे बंद उगाचच पुन्हा बांधले.

मला त्यांचा थोडा रागच आला. इथे ह्या माणसाची नोकरी जायची वेळ आली आहे आणि हा माझी चौकशी करतोय. पुठ्ठ्याबद्दल मी विचारलं नाही. त्यांनी तो घाबरून काढून टाकला असणार, जळाला असेल तर बरंच, असा माझा हिशेब होता. ह्या हिशेबाची मला आजही लाज वाटते.

*

परत खुर्चीवर बसले तेव्हा एक वाजून गेला होता. मी काहीच न करता पडद्याकडे पाहत बसले, आणि मग एक साधा प्रश्न पडला. कंप्रेसर बंद पडला होता असं धरू. दोन दिवसांपूर्वी अकरा बेचाळीसला खोत मामांनी पुढचं कापलं असंही धरू. मग आजच्या ओळी कुठे आहेत? नोंद करणारा प्रोग्रॅम तर चालू आहे. कापणारा माणूस बाहेर बाकावर बसलाय. आत्ताच्या मिनिटाची ओळ कोण कापतंय?

मग उत्तर समजलं.

vi मध्ये :wq म्हटलं की तो जुन्या फाइलवर लिहीत नाही. तो त्याच नावाची नवी फाइल करतो आणि जुनी काढून टाकतो. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण नोंद करणाऱ्या प्रोग्रॅमनं महिन्याच्या सुरुवातीला जुनी फाइल उघडून धरली होती. तिचं नाव गेलं हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा दोन दिवस दर मिनिटाला बिननावाच्या फाइलमध्ये इमानेइतबारे लिहीत होता. आणि जोवर त्यानं ती धरली होती तोवरच ती होती. कॉम्प्युटर बंद केला की तिचा मागमूस राहणार नव्हता.

म्हणजे तीन वाजता, पुरावा सुरक्षित राहावा म्हणून, इंगवले साहेब पुरावा पुसणार होते.

चालू प्रोग्रॅमच्या हातातली फाइल बाहेर काढायची एक वाट असते. घाईत मी आज्ञा तीनदा चुकीची लिहिली. चौथ्यांदा फाइल आली. तिची प्रत करून मी less नं उघडली. अकरा बेचाळीस, ४.०. अकरा त्रेचाळीस, ४.०. एक एक पान खाली. साडेबाराला लाइट गेली होती (कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालू राहिला होता), तापमान ४.३ पर्यंत चढलं होतं, बारा मिनिटांत परत खाली. खोत मामांनी जनरेटर चालू केला असणार. दुपारी दोन, टँकर भरताना, ४.१.

दूध इथून चांगलं गेलं होतं.

मी तशीच उठून इंगवले साहेबांच्या टेबलापाशी गेले. जाता जाता मी माझ्यापुरतं एक ठरवून टाकलं. फाइल मिळाली एवढं सांगायचं. का हरवली होती ते सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर तांत्रिक बिघाड म्हणायचं. हा शब्द आमच्या धंद्यात देवासारखा आहे, कुठेही हात जोडावेत.

"साहेब, पूर्ण नोंद मिळाली. दूध थंडच होतं."

इंगवले साहेबांनी चष्मा काढला. "कुठं मिळाली?"

"कॉम्प्युटरमध्येच. आत होती."

"आत म्हणजे?"

"म्हणजे... दिसत नव्हती. नाव नव्हतं तिला."

"नाव कुणी काढलं?"

"तांत्रिक बिघाड," मी म्हणाले.

"बरोबर अकरा बेचाळीसला? हा खुर्चीवर बसलेला असताना?" त्यांनी चष्मा परत घातला. "म्हणजे एक फाइल दाखवायला आणि एक लपवलेली. आता त्यातली खरी कुठली? तुम्हाला काय माहीत, त्यानं हवे ते आकडे घालून ठेवली नसेल म्हणून? तुम्ही भल्या आहात मॅडम. हा माणूस वाटतो त्यापेक्षा पोचलेला आहे." मग ते टायपिस्टकडे वळले. "नवा कागद लाव रे. कलम दुसरं घाल. बनावट दस्तऐवज तयार करणे."

माझ्या मदतीनं आरोप एकाचे दोन झाले होते.

*

संचालक बाळगोंडा पाटील पावणेतीनलाच आले. सत्तरीचे, गांधी टोपी, धोतर, चपला दारात काढून आत येणारे. त्यांच्या स्वतःच्या चार म्हशी होत्या आणि त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटत नव्हती, कारण त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. खोत मामांना आत बोलावलं. ते पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलावर कागद टाइप होऊन पडला होता, फक्त सही व्हायची होती.

बाळगोंडा पाटलांनी कागद वाचला. "हिंदुराव, काय म्हननं हाय तुझं?"

"म्या काय पुसल्यालं न्हाई."

"मग झालं कसं?"

खोत मामांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"सकाळपासून हेच चाललंय," इंगवले साहेब म्हणाले. "साधी गोष्ट विचारतोय, फाइलला हात लावायला तुला शिकवलं कुणी? तीनदा विचारलं. माझं मीच शिकलो म्हणतो. चौथी पास माणूस, माझं मीच शिकलो!"

मी खोत मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होते. सहा महिने. पक्कं केलंय का. हां.

"मामा, पुठ्ठा कुठाय?" मी म्हणाले.

"कसला पुठ्ठा?"

"बिस्किटाच्या खोक्याचा. इथे भिंतीवर होता."

"मला काय ठावं न्हाई."

"मामा."

"मॅडम, तुमी ह्यात पडू नगासा," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. "तुमची गाडी जाईल."

इंगवले साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. बाळगोंडा पाटलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बोल बाई. काय आसंल ते बोल."

मी कॉम्प्युटरपाशी गेले. मार्चच्या फाइलची तारीख काढून दाखवली. "ही मार्चची फाइल. मार्च संपला की हिला कुणी हात लावायचं कारण नाही. हिच्यावर तारीख बघा. एकवीस एप्रिल, दुपारी तीन चौतीस. साहेब, तुमचं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर काढा. सोमवारी तीन चौतीसला ह्या खोलीत कोण होतं?"

रजिस्टर त्यांच्या हाताशीच होतं. त्यांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं. "खाडिलकर. आत एक दहा. बाहेर तीन पंचेचाळीस."

"आणि हे बघा." मी less नं मार्चची फाइल उघडली, / दाबून kkkk शोधलं. तीन मार्च, सकाळी सात दहा, तापमान ३.९kkkk. "हे मामांच्या बोटानं झालं, माझ्यासमोर. मी पुसलंसुद्धा नाही. तसंच ठेवून बंद करायला लावलं, कारण मला घाई होती. नुसतं वाचायला जी आज्ञा असते ती मी शिकवली नाही. लिहायची शिकवली. त्यानं बंद करताना फाइलची अदलाबदल होते. मशीननं मध्ये विचारलंही होतं, फाइल बदललेली आहे, तरी लिहू का. त्यावर हो म्हणा असंही मीच लिहून दिलं होतं. मंगळवारी मामांनी एक अक्षर चुकवलं नाही. मी सांगितलं तेच आणि तसंच केलं."

बाळगोंडा पाटलांनी टोपी परत डोक्यावर घातली.

"म्हंजे कपाटातली वही बदलली," ते म्हणाले, "आनि लिव्हनारा कारकून जुन्या वहीतच लिव्हत बसला."

"हो."

"आनि ती जुनी वही?"

"ही. आत्तासुद्धा लिहितोय तो." मी प्रत नव्हे, प्रोग्रॅमनं धरलेली ती फाइलच less नं उघडली, पडदा शेवटच्या ओळीवर नेला आणि F दाबलं, म्हणजे नवी ओळ आली की आपोआप दिसते. चोवीस एप्रिल, तीन वाजून चार मिनिटं, ४.०. आम्ही चौघं पडद्यासमोर उभे राहिलो. एवढं लांब मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही. मग खालून एक ओळ वर आली. तीन वाजून पाच मिनिटं, ४.०.

"काटा बघून या रे कुनीतरी," बाळगोंडा पाटील म्हणाले.

इंगवले साहेब स्वतः गेले. परत आले ते हळू चालत. "चार," ते म्हणाले. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांना बुटावरची लाख दिसली. ती ते नखानं खरवडत राहिले. "मी तीनदा विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं तुला, खोत?"

खोत मामांनी पिशवीचे बंद सोडले. डबा बाहेर काढला. डब्याच्या तळाशी, भाकरीच्या फडक्याखाली पुठ्ठा होता. त्यांनी तो टेबलावर माझ्यासमोर ठेवला.

"अक्षर वळखत्यात साहेब," ते मला म्हणाले, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. "तुमच्या बिलावर बघत्यात की दर म्हैन्याला. माझं एकतीस वरीस झालं, हाय काय आनि न्हाई काय. तुमचं अजून पक्कं व्हायचं हाय."

मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं. बाळगोंडा पाटलांनी टाइप केलेला कागद उचलला, चार घड्या करून स्वतःच्या खिशात घातला आणि चहा सांगितला.

*

टँकरचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. तो वाटेत कुठे आणि किती वेळ उभा होता ते नंतर बाहेर आलं. इंगवले साहेबांनी आमच्या कंपनीला रीतसर पत्र पाठवलं. त्यात माझ्याबद्दल एकही खोटा शब्द नव्हता. कंपनीनं मला जूनमध्ये पक्कं केलं नाही. डिसेंबरातही केलं नाही. मग मी पुण्याला दुसरी नोकरी धरली.

पण त्या दिवशी चहा झाल्यावर मी प्रोग्रॅम नीट चालू करून दिला, पूर्ण फाइल तिच्या जुन्या नावानं जागेवर ठेवली आणि खोत मामांना परत खुर्चीवर बसवलं. तोच पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं. एक, less आणि फाइलचं नाव. दोन, शेवटची ओळ G, पहिली g. तीन, पुढचं पान स्पेस, मागचं b. चार, बाहेर पडायला q.

खोत मामांनी less उघडलं. g दाबलं, G दाबलं. मग हळूच, माझ्याकडे बघत, मुद्दाम k दाबलं. फाइल एक ओळ सरकली, बाकी काही झालं नाही. चारदा दाबलं. काही झालं नाही. मग q दाबलं आणि ते बाहेर आले.

"एवढंच?"

"एवढंच."

"एक अक्षर?"

"एक."

त्यांनी पुठ्ठा हातात घेतला. एक बाजू वाचली, उलटा करून दुसरी वाचली. त्यांना हे दोन्ही ताडून बघायला बराच वेळ लागला.

"ह्ये तर सोप्पं हुतं की," ते म्हणाले. "सोमवारी का न्हाई शिकिवलंसा?"

तांत्रिक बिघाड हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता. मी तो गिळला.

"चारची एसटी होती," मी म्हणाले.

खोत मामांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. त्यांनी पुठ्ठा भिंतीवर जुन्या जागी धरला, चिकटपट्टीचे चारही कोपरे अंगठ्यानं दाबले आणि तो नीट बसला आहे ना ते मागे सरून बघितलं.

"मग," ते म्हणाले, "घावली का गाडी?"

"घावली," मी म्हणाले.